लहान महोत्सवात दाखवली तर फिल्म वाया जाते का?

तुझं पत्र वाचलं. मास मीडियाचं शेवटचं वर्ष, मित्रमंडळी जमवून वरळी कोळीवाड्यात शूट केलेली 22 मिनिटांची मराठी शॉर्टफिल्म, आणि कोकणातल्या एका लहान महोत्सवाची शेवटची तारीख तोंडावर. मित्र म्हणतात, तिथे दाखवलीस तर फिल्म जळली, मोठे महोत्सव मग विचारणार नाहीत. बाबा म्हणतात, हजार रुपये प्रवेश फी भरण्यापेक्षा नोकरी बघ.

मित्रांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. व्हेनिसला वर्ल्ड प्रीमियरच लागतो, म्हणजे फिल्म आधी जगात कुठेच दाखवलेली चालत नाही. पण तिथे शॉर्टफिल्मला 20 मिनिटांची मर्यादा आहे आणि कानच्या शॉर्टफिल्म स्पर्धेत तर श्रेयनामावली धरून 15. म्हणजे त्या रांगेत तू मुळात नाहीसच, मग फिल्म कोरी ठेवायची कोणासाठी? बर्लिनला 30 मिनिटांपर्यंत चालतं. तिकडे खरंच पाठवणार असलास तर त्यांची नियमावली आधी वाच, मित्रांना विचारू नकोस. राष्ट्रीय पुरस्काराचा तर याच्याशी संबंधच नाही, तिथे त्या वर्षातलं सेन्सॉर प्रमाणपत्र बघतात. फिल्म खरी अडते ती उत्साहाच्या भरात यूट्यूबवर टाकल्यावर. बरेच महोत्सव ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. पासवर्ड लावलेली लिंकच पाठव.

बाबांची शंका मात्र मला जास्त मोलाची वाटते. महोत्सवाच्या नावाखाली दुकानं चालतात. दर महिन्याला निकाल, डझनावारी विभाग, प्रत्येक विभागाची वेगळी फी, ट्रॉफी हवी तर तिचे पैसे निराळे, आणि हॉल कुठेच नाही! तुझा महोत्सव त्यातला आहे का, हे फोनवर कळेल. गेल्या वर्षी कुठल्या हॉलमध्ये दाखवल्या, परीक्षक कोण होते, दिग्दर्शकाला प्रेक्षकांशी बोलायला देतात का, एवढं विचार. हॉलचं नाव सांगताना समोरचा अडखळला, तर हजार रुपये खिशातच राहू देत.

नीट उत्तरं मिळाली तर पाठव. आणि निवड झाली तर स्वतः जा, नुसतं पोस्टर स्टेटसला लावून बसू नकोस. आतापर्यंत तुझी फिल्म तुझ्या माणसांनीच पाहिली आहे आणि ती हसायच्या जागी हसणारच. हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बस आणि पडद्याऐवजी डोकी बघ. कुठल्या प्रसंगाला मोबाईल उजळायला लागतात, कुठे खुर्च्या कुरकुरतात, तिथे तुझं एडिटिंग सैल आहे. उद्या अंधेरीत आराम नगरच्या एखाद्या फिल्मवाल्या ऑफिसात असिस्टंटचं काम मागायला गेलास की प्रमाणपत्राकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही, पण फिल्म बघून काय बदललंस हे विचारू शकतात. बाबांना हे सांगून बघ. नोकरी शोधणं आणि फिल्म पाठवणं एकाच महिन्यात होतं, त्यात भांडण नाही.

दोन गोष्टी मात्र फॉर्म भरण्याआधी. तू पाठवलेल्या लिंकमध्ये जेट्टीवरच्या प्रसंगात बोटीच्या इंजिनाखाली आईचे संवाद बुडालेत. हेडफोनवर कसेबसे कळतात, हॉलमध्ये कळणार नाहीत. आणि शेवटी ‘संगीत सौजन्य : यूट्यूब’ लिहिलं आहेस, त्याला हक्क म्हणत नाहीत रे! फॉर्मवर सगळे हक्क माझ्याकडे आहेत अशी सही मागतात. ते गाणं काढ, कॉलेजातल्या कोणाकडून चार सूर वाजवून घे, आणि त्याचीही लेखी परवानगी घे.