वाचकांचे प्रश्न : चालू टेबलात आयडी कसा घालावा?

प्रश्न : पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या आमच्या पावत्यांच्या टेबलात ८० लाख ओळी आहेत, पण प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) नाही. नोंदी दिवसभर चालू असतात. आयडीचा कॉलम एकाच कमांडने जोडला तर चालेल का?

उत्तर : चालेल, पण तेवढा वेळ टेबल बंद राहील. आयडेंटिटी कॉलम (आपोआप क्रमांक घेणारा) थेट जोडला की पोस्टग्रेस अख्खं टेबल नव्याने लिहितं आणि तोवर साधं सिलेक्टही (वाचनाची कमांड) अडून राहतं. काही हजार ओळी असतील तर खुशाल तसंच करा. तुम्ही मात्र टप्प्याटप्प्याने जा.

आधी बिगइंट (मोठे पूर्णांक) प्रकारचा रिकामा कॉलम जोडा, डिफॉल्ट (आपोआप भरायचं मूल्य) न देता. (साधा इंट २,१४,७४,८३,६४७ वर संपतो, आणि पुढे प्रकार बदलायचा म्हणजे पुन्हा हाच खटाटोप.) मग सीक्वेन्स (ओळीने क्रमांक देणारा काउंटर) तयार करून वेगळ्या कमांडने तो डिफॉल्ट म्हणून लावा, नव्या ओळींना आपोआप क्रमांक मिळू लागतील. जुन्या ओळी दहा-दहा हजारांच्या तुकड्यांत अपडेट करा आणि दर तुकड्यानंतर कमिट करा, म्हणजे बदल कायम करा. सगळं एका दमात केलंत तर प्रत्येक ओळीची जुनी प्रत मागे उरून टेबल दुपटीच्या आसपास फुगतं. तुकडे केले की मधल्या वेळात व्हॅक्यूमला (जुन्या प्रती साफ करणारी प्रक्रिया) ती जागा मोकळी करता येते.

नंतर युनिक इंडेक्स (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारी सूची) ‘कॉन्करंटली’, म्हणजे नोंदी न थांबवता, बांधा. ही कमांड ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये (एकत्र कमिट होणाऱ्या कमांडांच्या गटात) चालत नाही. मध्येच फसली तर इनव्हॅलिड इंडेक्स पडून राहतो; तो काढून पुन्हा बांधावा लागतो. त्यापुढे आयडी नल (रिकामा) नसल्याचा चेक आधी ‘नॉट व्हॅलिड’, म्हणजे जुन्या ओळी न तपासता, लावा, मग व्हॅलिडेट करून त्या तपासा. आवृत्ती १२ पासून अशा चेकमुळे नॉट नल लावताना टेबल पुन्हा तपासलं जात नाही. शेवटी त्याच इंडेक्सवरून प्रायमरी की करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो : आयडीमुळे दुबार नोंदी थांबत नाहीत. एकच पावती दोनदा भरली तर तिला दोन आयडी मिळतील. पावती क्रमांकावर स्वतंत्र युनिक बंधन हवंच, आणि ते लावण्याआधी ग्रुप बाय करून (एकाच क्रमांकाच्या ओळी एकत्र मोजून) आजच्या दुबार ओळी निस्तरा.

प्रश्न : आयडी ५०१ नंतर एकदम ५०४ आला. नोंदी हरवल्या का?

उत्तर : बहुधा नाही. इन्सर्ट (नवी ओळ भरण्याची कमांड) रोलबॅक, म्हणजे रद्द, झाला तरी सीक्वेन्स मागे येत नाही. घेतलेला क्रमांक वाया जातो. या फटी बुजवू नका. हिशेबासाठी सलग क्रमांक लागत असतील तर त्यांचा कॉलम वेगळा ठेवा.