विचारा ना ताई : सगळं खोलून बसणाऱ्या पोरांसाठी पुस्तकं

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांमधून एकच प्रश्न वेगवेगळ्या हातांनी लिहून येतो, की पोरगं मोबाइल सोडून वाचेल असं काहीतरी सांगा. यावेळी शोध लावणारी मुलं आणि साहस यावरच तीन-चार पत्रं आलीत, ती एकत्रच घेते.

ताई, माझा नातू दहा वर्षांचा आहे, इंग्लिश मीडियमला. मराठी वाचतो पण अडखळत. हातात येईल ते खोलून बसतो, मागच्या आठवड्यात माझं घड्याळ गेलं. थोर शास्त्रज्ञांची चरित्रं आणली तर दोन पानं वाचून बाजूला टाकतो. शोध लावणाऱ्या मुलांच्या, जरा धाडसाच्या गोष्टी सुचवा ना. – एक आजी, दांडिया बाजार

आजी, मी नातवाच्या बाजूने आहे हं. ती चरित्रं मी पण चाळलीयेत, "लहानपणापासूनच ते अत्यंत हुशार होते" इथून सुरुवात, मग शोध कसा लागला ते अर्ध्या ओळीत आणि मानसन्मान तीन पानं. ज्या पोराला स्क्रू काढायचाय त्याला याच्यात काय इंटरेस्ट असणार? त्याला हवं असतं की मशीन आतून कसं होतं, कुठे अडलं, आणि खिशात काहीच नसताना काय जुगाड केला.

त्याच्यासाठी पहिलं नाव विल्यम कामक्वाम्बाचं. आफ्रिकेतल्या मलावी देशातला खरा मुलगा, २००१-०२ च्या दुष्काळात घरी खायचे वांधे, फी भरता येईना म्हणून शाळा सुटली, तर हा गावातल्या छोट्याशा लायब्ररीत जाऊन बसायला लागला आणि तिथे एका पुस्तकात त्याला पवनचक्कीचं चित्र दिसलं. इंग्लिश धड येत नव्हतं म्हणून आधी आकृत्या बघायचा आणि त्यांच्यावरून बाजूच्या शब्दांचे अर्थ लावायचा. तुमच्या नातवाला मराठी अडतं ना, त्याला हे नक्की सांगा. मग ट्रॅक्टरचा पंखा, सायकलचा डायनामो, पीव्हीसी पाइप आगीवर मऊ करून चपटा केलेला त्याची पाती, असं करत करत चौदाव्या वर्षी त्याने घरात दिवा लावला, आणि तोपर्यंत गावातले लोक त्याला वेडा समजत होते. 'द बॉय हू हार्नेस्ड द विंड' हे त्याचं पुस्तक २००९ चं, पण मुलांसाठीची वेगळी सोपी आवृत्ती आहे ती मागवा, मोठ्यांची नको, त्यात दुष्काळाचे प्रसंग फार अंगावर येतात.

दुसरं फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचं 'द मिस्टिरियस आयलंड'. दीडशे वर्षं जुनं आहे, मूळ खूप जाड आणि मध्येमध्ये रटाळ पण आहे (खरं ते बोलावं), म्हणून संक्षिप्तच घ्या. बलूनमधून पाच माणसं आणि एक कुत्रा निर्जन बेटावर पडतात, त्यात एक पंधरा वर्षांचा मुलगा. काडेपेटी नाही. तर त्यांच्यातला इंजिनियर खिशातल्या दोन घड्याळांच्या काचा काढतो, त्या समोरासमोर धरून आत पाणी भरतो, कडा ओल्या मातीने बंद करतो आणि ते भिंग उन्हात धरून सुकं शेवाळ पेटवतो! पुढे विटा, मडकी, लोखंड, सगळं तसंच शून्यातून. एक घड्याळ गेलंच आहे तुमचं, तेव्हा वाचताना दुसरं सांभाळा.

मराठीत म्हणाल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. तो काही शोधबिध लावत नाही, पण फुरसुंगीचा हा बन्या पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो आणि सायकल काढून जिथे तिथे नाक खुपसतो, शेवटी त्याचा ठरलेला 'ट्टॉक' आवाज आहेच. हा मात्र तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा आणि अगदी ऐन मोक्याला "आता माझे डोळे दुखले" म्हणून पुस्तक त्याच्याकडे सरकवा. पुढचं पान तो अडखळत का होईना वाचतोच. भागवतांनी व्हर्न पण मराठीत आणलाय, ते जुने भाग मिळाले तर सोडू नका.

आणि हातांसाठी, टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवायला शिकवणारे अरविंद गुप्ता. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब एवढ्यावर त्रिकोण, चौकोन, घरं उभी करतात, त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच वाकडा होतो हे पोराला बोटांनी कळतं. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत आणि त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत.

नातवाला एकदा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पण न्या. १९१० ची, सयाजीरावांनी काढलेली. पुस्तकांच्या लोखंडी रॅकचे मजले आहेत आणि त्यांची जमीन काचेची, म्हणजे वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा. असं का केलं असेल हे त्यालाच विचारा, सांगून टाकू नका.

मुलगी अकरा वर्षांची. म्हणते सगळ्या शोधांच्या गोष्टीत मुलगेच का? – एक आई, मांजलपूर

बरोबर म्हणतेय ती. तिला मार्गारेट नाइट शोधून वाचायला सांगा. अमेरिकेतली, सूतगिरणीत काम करणारी, बाराव्या वर्षी तिने मागावरचा धोटा उडून एक कामगार जखमी झालेला बघितला आणि असं काही होऊ नये म्हणून एक सेफ्टीची युक्ती काढली. पुढे सपाट बुडाच्या कागदी पिशव्या बनवणारं मशीन तिचं. त्याची आयडिया एका माणसाने चोरून स्वतःच्या नावावर करायला घेतली, बाईला मशीनमधलं काय कळतं हाच त्याचा मुद्दा, तर हिने कोर्टात आपली ड्रॉइंग्ज मांडली, केस जिंकली आणि १८७१ मध्ये पेटंट घेतलं. साहस म्हणजे दर वेळी जंगल आणि चोरच पाहिजेत असं थोडंच आहे.

ताई मी सहावीत आहे. मी गोष्ट लिहितोय, माझ्या हीरोने टाइम मशीन बनवलीय पण दुसऱ्या पानानंतर काही होतच नाही. काय करू? – रावपुऱ्याचा लेखक

लेखकराव, होणार कसं? तुझ्या मशीनला सगळंच येतं. अडचण आली की हीरो बटण दाबतो, मग वाचणाऱ्याला धाकधूक कसली? मशीन छोटं कर आणि त्याला एक खोड ठेव. १८८८ मध्ये फ्रान्समध्ये आर्थर बात्यू नावाच्या माणसाने पतंगाला कॅमेरा बांधून वरून फोटो काढले. बटण दाबायला वर कोण जाणार, म्हणून त्याने एक वात लावली, ती हळूहळू जळत जायची आणि संपली की कॅमेरा आपोआप चालायचा. आता हे आपल्या उत्तरायणात आण. तुझा हीरो गच्चीवर, पतंगाला कॅमेरा, खाली पोळात, म्हणजे गल्लीत, काहीतरी भानगड चाललीय तिचा फोटो हवाय, वात पेटलीय आणि नेमका शेजारच्या गच्चीवरून "काप्यो छे!" म्हणून ओरडा. बघ किती पानं होतात. लिहून झालं की आम्हाला पाठव, आणि कॅमेरा कुठे पडला ते मला आधी सांगू नकोस.

पुस्तकात वाचून मुलगा मिक्सर खोलायला निघालाय. थांबवू का? – एक बाबा, कारेलीबाग

हो, थांबवा. प्लगवर चालणारं काही नाही, टॉर्चच्या सेलवर चालणारं सगळं चालेल, हा घरचा कायदा करा. आणि सेलवर चालणारा जुना, बिघडलेला रेडिओ किंवा खेळण्यातली गाडी भंगारवाल्याला द्यायच्या आधी त्याच्या पुढ्यात ठेवा, सोबत एक चांगला स्क्रूड्रायव्हर आणि स्क्रू ठेवायला वाटी.