शेवटची वीस पानं

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

रणजित देसाईंची ‘स्वामी’, माधवराव पेशव्यांवरची ती कादंबरी, तू वाचायला घेतलीस तेव्हापासूनचे, गेल्या तीन आठवड्यांतले तुझे सगळे मेसेज मी जपून ठेवले आहेत. पहिल्या रविवारी, ‘बाई, माणसंच इतकी आहेत की डोकं गरगरतंय.’ दुसऱ्या रविवारी, ‘राघोबांचा इतका राग आला की पुस्तक मिटून ठेवलं.’ आणि परवा रात्री साडेअकराला, ‘हे सगळं खरंच असं झालं होतं का हो?’ फोनवर टाइप करून याचं उत्तर द्यायला मला जमणार नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

माणसांचं सोपं आहे. वहीच्या शेवटच्या पानावर घराणी लिही आणि भेटेल तो माणूस त्याच्या घराखाली मांडत जा. शंभरेक पानांनंतर त्या पानाची गरज उरत नाही. मात्र एक आकडा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही : सोळा. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं, जूनमध्ये वडील नानासाहेब पर्वतीवर वारले आणि माधवराव पेशवे झाले तेव्हा त्यांचं वय सोळा होतं. तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. ‘स्वामी’ वाचताना आपल्याला हे सारखं विसरायला होतं, कारण ते बोलतात मोठ्या माणसासारखं. घरात सुतक, तिजोरीत खडखडाट, डोक्यावर कर्ज आणि शेजारी वडीलधारा काका, राघोबा. दर प्रसंगाला हा आकडा आठव.

आता राघोबादादा. राग येऊ दे, पण पुस्तक मिटू नकोस. ज्या माणसाने १७५८ मध्ये लाहोरपर्यंत फौजा नेल्या, त्याला तीन वर्षांनी पुतण्याच्या हाताखाली काम करायला सांगितलं तर त्याच्या पोटात काय होत असेल? मी त्याची बाजू घेत नाही. आळेगावला १७६२ मध्ये माधवराव आपण होऊन काकांच्या स्वाधीन झाले, घरातलं भांडण रणात आणखी वाढू नये म्हणून. ते वाचताना मला अजून गलबलून येतं. पण पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला निजामाविरुद्ध हेच काका-पुतणे एका बाजूने लढले, तेही त्याच रकान्यात लिही. आपल्या गल्लीत भाऊबंदकीचे किती खटले चालू आहेत ते तू पाहतेसच. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारे चुलते घरच्या लग्नात वाढायला उभे असतात. हे बघितलेल्या मुलीला राघोबा कळायला हवेत.

‘खरं का’ या प्रश्नाला मात्र सावकाश उत्तर द्यायला हवं.

तू शहापूरची. तुमचं शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, हे आजोबांनी सांगितलं असेल. सांगलीकर म्हणजे पटवर्धन, आणि सांगलीची गादी मिरजेच्या पटवर्धनांतून वेगळी निघालेली. आता कादंबरीत गोपाळराव पटवर्धन कुठे येतात ते शोध. राघोबांनी मिरज घेतली म्हणून चिडून ते निजामाकडे गेले. राक्षसभुवननंतर माधवरावांनी त्यांना परत जवळ केलं, मिरज परत दिली, आणि मग कर्नाटकच्या मोहिमांत हेच घराणं पेशव्यांचा दक्षिणेकडचा कणा झालं. म्हणजे तुझ्या घराच्या सातबाऱ्यामागे कुठे तरी ही कादंबरी उभी आहे. मी हे कळल्यावर दोन दिवस शहापूरच्या गल्ल्यांतून उगीचच हिंडले होते.

आणि हे आपल्याला कसं कळलं? मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद एकेक करून वाचले, लावले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापले. छावणीतून घरी लिहिलेली पत्रं : फौज कुठे उतरली, पैसा किती थकला, कोण कोणावर रुसलं. त्यांतली दहा पत्रं तरी वाच. मोडी वळणाची जुनी मराठी पहिल्या दिवशी अडेल, चौथ्या दिवशी कानात बसेल. मग कादंबरीकडे परत ये. कुठे कागद संपतो आणि कुठे कादंबरीकाराचं मन सुरू होतं, ती रेघ तुला हळूहळू दिसायला लागेल. अशी रेघ दिसली की पुस्तक आवडेनासं होईल अशी भीती मलाही होती. उलट झालं. रणजित देसाईंनी त्या कोरड्या पत्रांतून केवढं उभं केलं ते मला तेव्हा कुठे कळलं.

मोहिमांचा भाग तू ‘जरा कंटाळवाणा’ म्हणालीस. नकाशा उघड आणि पुन्हा वाच. १७६४ मध्ये रट्टेहळ्ळीला म्हैसूरच्या हैदर अलीचा पराभव झाला, ती जागा हावेरी जिल्ह्यात आहे. त्याच वर्षी घेतलेलं धारवाड तर तुझ्या कॉलेजच्या सहलीचं ठिकाण. १७७० मध्ये निजगलचा किल्ला पडला. बंगळूरच्या बसने गेलीस तर तुमकूर मागे पडल्यावर डाबसपेटजवळ तो डोंगर रस्त्यावरून दिसतो. पुस्तकात या जागा पेशव्यांच्या डेऱ्यातून दिसतात. तू इथली आहेस, तू त्या शेताच्या बांधावरून बघ. फौज आली काय आणि गेली काय, उभी ज्वारी कोणाची गेली? पुण्यातला वाचक हा प्रश्न विचारेलच असं नाही. तुला तो सुचलाच पाहिजे.

याच भागात आपल्याकडची मुलं एक चूक करतात. आपल्याकडे मराठी पुस्तक हातात घेणं ही नुसती वाचनाची गोष्ट राहत नाही. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनचं सगळं त्यात येऊन बसतं, आणि मग हैदरशी झालेली लढाई मराठी-कानडी लढाई वाटू लागते. ती तशी नव्हती. निजगलच्या तटाला भिडणाऱ्यांत चित्रदुर्गच्या नायकाची माणसं होती, पेशव्यांच्या बाजूने. तेव्हा कोणी भाषा विचारून तलवार काढत नव्हतं. मराठी आपली आहे, ती जपण्यासाठी जे करावं लागलं ते माझ्या पिढीने केलं, पुढे तुम्ही कराल. पण आजचं दुखणं अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या अंगावर घालू नकोस. तुझी शेजारीण कन्नड माध्यमात शिकते ना? तिच्या पाठ्यपुस्तकात हैदर कसा येतो ते विचार. दोघी मिळून निजगलचं पान वाचा.

माधवरावांच्या पत्नीच्या, रमाबाईंच्या भाषेबद्दल तू लिहिलंस ते मला फार आवडलं : ‘रमाबाई किती हळू बोलतात, आपल्याकडे बायका मी येतो, मी जातो म्हणतात.’ खरं आहे. आणि गंमत ही की हे लिहिणारा माणूस कोवाडचा, ताम्रपर्णीच्या काठचा. बेळगावातून सकाळी निघालीस तर दुपारच्या जेवणाला परत येशील इतक्या जवळचा. कानावर रोज आपल्यासारखीच रांगडी बोली असताना त्याने शनिवारवाड्यातली ती अदबशीर, जपून टाकलेली भाषा घडवली. १९६२ मध्ये पुस्तक आलं, १९६४ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या टापूतल्या माणसाने हे लिहिलं याचा अभिमान मी लपवणार नाही.

रमाबाईंचं सती जाणं पुढे येणार आहे, ते तुला ठाऊकच आहे. थेऊरला नदीकाठी त्यांची समाधी आहे, मी दोनदा जाऊन आले. सोळाव्या वर्षी मी त्या पानांवर भारावून रडले होते. पन्नाशीत तीच पानं वाचताना हात थरथरत होते आणि राग येत होता, लेखकावर नव्हे, त्या काळावर. सतीबंदीचा कायदा यायला आणखी सत्तावन्न वर्षं होती. त्या क्षणी त्या बाईच्या मनात काय चाललं होतं हे सांगणारं तिच्या हातचं पत्र मी कधी वाचलेलं नाही. कादंबरीकाराने त्या जागी प्रेम ठेवलं. तुला तिथे काय दिसतं ते तू मला लिही. मला काय वाटेल याचा विचार न करता लिही.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी हे पुस्तक पहिल्यांदा खानापूरला पावसाळ्यात वाचलं. वाचनालयातल्या प्रतीची शेवटची वीसेक पानं गळून गेली होती. माधवराव थेऊरला गणपतीसमोर आजारी, आणि तिथेच पुस्तक संपलं. त्यांचा राजयक्ष्मा म्हणजे क्षय, हे मला ठाऊक होतं. १८ नोव्हेंबर १७७२ ही तारीख शाळेत पाठ केलेली होती, सत्ताविसावं वर्ष संपून अठ्ठाविसावं चालू होतं हेही माहीत होतं. तरी चार महिने, दुसरी प्रत हाती येईपर्यंत, मी मनात त्यांना बरं करत होते. बाहेर धो धो पाऊस आणि मी अंथरुणात पडून वैद्य बदलतेय, पथ्य बदलतेय, थेऊरहून पालखी परत पुण्याला आणतेय. पानिपतानेही या मृत्यूपेक्षा मराठ्यांचं जास्त नुकसान केलं नाही अशा अर्थाचं इतिहासकार ग्रँट डफने लिहिलंय, ते मी फार पुढे वाचलं. पण त्या चार महिन्यांत मला ते आधीच कळून गेलं होतं.

म्हणून तुला दिलेली प्रत मी आधी शेवटपर्यंत उलटून बघितली. पानं सगळी आहेत. थेऊरपाशी पोचलीस की त्या रात्री पुढे जाऊ नकोस. दोन-चार दिवस तिथेच थांब, मग वाच. परत करायची घाई नाही.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
बाई