कॅरॅक्टरायझेशन म्हणजे लक्षणच

प्रश्न असा: परिमित व्यापकीकृत चतुष्कोनांवरच्या टिपणांत ‘कॅरॅक्टरायझेशन’ला मराठीत काय म्हणावं? विचारणाऱ्याला ‘स्वभावचित्रण’ आणि ‘वैशिष्ट्यीकरण’ असे दोन शब्द मिळाले, पटला एकही नाही. जोडीला काही चतुष्कोनांना लागणाऱ्या ‘क्लासिकल’ या विशेषणाला ‘अभिजात’ म्हणावं का, हेही विचारलंय.

स्वभावचित्रण कादंबरीतल्या पात्रांचं. वैशिष्ट्यीकरण वाचून कुठलातरी खास गुण सांगणार एवढंच कळतं. गणिताला हवी असते ती नेमकी ओळख: त्या वर्गातल्या प्रत्येकाला लागू पडेल आणि बाहेरच्या एकालाही पडणार नाही अशी. यासाठी न्यायशास्त्रात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, तयार शब्द आहे, लक्षण. त्याचे दोषही ठरलेले. गाय म्हणजे तांबूस जनावर म्हटलं तर पांढऱ्या गायी सुटतात, ही अव्याप्ति. शिंगं असलेलं जनावर म्हटलं तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ति. गळ्याखाली लोंबणारी कातडी, म्हणजे सास्ना, हे नैयायिकांचं पसंतीचं लक्षण.

आता चतुष्कोन. गणिती झाक तित्स यांनी 1959 मध्ये ही व्यापकीकृत चतुष्कोनाची कल्पना मांडली. बिंदू आणि रेषा घ्यायच्या. मुख्य अट अशी की रेषेबाहेरच्या कुठल्याही बिंदूतून त्या रेषेला गाठणारी एक आणि एकच रेषा निघावी. त्यामुळे त्रिकोण बनूच शकत नाही. सहा जणांच्या 15 जोड्या हे बिंदू माना, आणि सहाही जणांना वाटून घेणाऱ्या तीन जोड्यांची एक रेषा. अशा रेषाही 15च. 12 ही जोडी (म्हणजे 1 आणि 2 क्रमांकाचे दोघे) घ्या आणि 13, 25, 46 ही रेषा. 1 आणि 2 या रेषेत वेगवेगळ्या जोड्यांत आहेत, म्हणून 12 शी न भिडणारी जोडी एकच उरते, 46. त्या दोन जोड्यांची रेषा 12, 46, 35. अट पुरी.

या चतुष्कोनाचं नाव W(2). याच कुळातला W(3) घेतला की लक्षणाची खरी कसोटी लागते. त्यात 40 बिंदू, 40 रेषा, प्रत्येक रेषेवर चार बिंदू, प्रत्येक बिंदूतून चार रेषा. पण Q(4,3) या दुसऱ्या चतुष्कोनाचे आकडेही हुबेहूब हेच, आणि दोघे एकरूप नाहीत. म्हणजे नुसत्या मोजणीने अतिव्याप्ति होते. मग एका रेषेवर नसलेले दोन बिंदू घ्या. दोघांशीही जोडलेले, म्हणजे प्रत्येकाबरोबर एका रेषेवर असलेले, बिंदू चार. त्या चौघांशीही जोडलेले बिंदू पुन्हा शोधले, तर W(3) मध्ये चार मिळतात, Q(4,3) मध्ये मूळचे दोनच. बेन्सन यांचं 1970चं प्रमेय नेमकं यावर उभं आहे: s एकपेक्षा मोठा असेल आणि (s, s) क्रमाच्या, म्हणजे प्रत्येक रेषेवर s + 1 बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून s + 1 रेषा असलेल्या, चतुष्कोनात अशी प्रत्येक जोडी उलट शोधात s + 1 बिंदू देत असेल, तर तो W(s)च. s हा अविभाज्य संख्येचा घात असतो हे गृहीत धरावं लागत नाही, ते आपोआप निघतं. मला यातलं हेच सर्वांत आवडतं.

‘अभिजात’बद्दल मात्र मी नाखूश आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून त्या शब्दाला प्राचीनतेचा आणि मानाचा वास पक्का चिकटलाय. ‘शास्त्रीय’ म्हटलं तर संगीत आठवतं. इथे प्राचीनतेचा प्रश्नच नाही; हे चतुष्कोन सिम्प्लेक्टिक, ऑर्थोगोनल आणि युनिटरी या क्लासिकल गटांमधून येतात, म्हणून तसं नाव. मी ‘क्लासिकल’च ठेवीन, आणि त्यात कोण मोडतात ते पहिल्याच पानावर सांगेन. कारण 1974 मध्ये ब्युकेनहाउट आणि लफेव्र यांनी दाखवलं की परिमित प्रक्षेपी (प्रोजेक्टिव्ह) अवकाशात पूर्णपणे बसणारा, म्हणजे ज्याच्या रेषा त्या अवकाशाच्या अख्ख्या रेषा असतात असा, चतुष्कोन क्लासिकलच असतो. पण H(4,q²) या युनिटरी गटातून येणाऱ्या चतुष्कोनाचा द्वैती, म्हणजे बिंदू आणि रेषांची अदलाबदल करून मिळणारा, चतुष्कोन तसा बसत नाही. त्यालाही क्लासिकल म्हणालात, तर याच लक्षणात अव्याप्ति शिरते.

एक सूचना: ‘लक्षण’ एकटं ठेवलं की वाचकाला ताप-खोकला आठवतो. ‘लक्षण-प्रमेय’ लिहा.