थारला विंच घ्यावी का? आधी बघा, गाडी पुढे काढायची असते की मागे

तुम्ही बोरिवलीचे. डिझेल थार 4x4 आहे, पावसात राजमाची आणि मावळातल्या कच्च्या वाटा, थंडीत अलिबाग-मुरुडकडे चक्कर, आणि बहुतेक वेळा सोबत दोन-तीन गाड्या. दुकानदार 12000 पाउंड ओढीची विंच (बॅटरीवरच्या मोटरनं ड्रमवर दोरी गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र) गळ्यात मारतोय. घ्यावी का, आणि घेतलीच तर केवढी, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही लिहिलंय तसंच फिरत असाल तर आत्ता घेऊ नका. एकट्या गाडीनं आडवाटेला जायचं ठरलं, तर मात्र घ्या, पण 9500 ची. 12000 ची गरज नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानात कुणी बोलत नाही. विंच गाडीच्या नाकावर बसते आणि फक्त पुढे ओढते. आपल्याकडे गाडी रुतते तेव्हा ती बहुतेकदा मागे काढायची असते. ज्या जमिनीवरून आलात ती गाडीचं वजन पेलते हे सिद्ध झालेलं असतं. पुढे काय आहे ते माहीत नसतं, आणि नाक तर चिखलाकडेच असतं. भातखाचराच्या कडेला घसरलेली गाडी पुढे ओढली तर ती खाचराच्या मध्यात जाते. पुळणीवर तर प्रकार आणखी वाईट: नाक समुद्राकडे आणि सुरूची झाडं पाठीमागे चाळीस-पन्नास मीटरवर. विंचच्या दोरीची लांबी साधारण 25 ते 28 मीटर. म्हणजे यंत्र आहे, ताकद आहे, पण बांधायला काही नाही आणि दिशाही चुकीची.

म्हणून स्वतःला दोन प्रश्न विचारा. मागच्या वर्षभरात गाडी जिथे जिथे अडकली, तिथे ती पुढे काढली की मागे? आणि तिथे दोरीच्या टप्प्यात भक्कम झाड किंवा दुसरी गाडी होती का? दुसरी गाडी हजर होती, तर विंचचं काम तिनं आणि एका दोरानं केलं असतं.

आता ताकदीचा हिशोब. डिझेल थार रिकामी पावणेदोन टनांच्या आसपास, माणसं, डिझेल, सामान धरून सव्वादोन टन समजा. विंचची क्षमता भरलेल्या गाडीच्या दीडपट असावी हा रुळलेला नियम. सव्वादोनच्या दीडपट म्हणजे जवळजवळ 3400 किलो, पाउंडात 7500. 8000 ची अगदी काठावर बसते, 9500 ची म्हणजे 4300 किलोची आरामात. मारुतीची जिमनी बरीच हलकी, तिला 6000 ची पुरते. 12000 ची घेतलीत तर जास्तीची ताकद तुमच्या उपयोगाची नाही आणि पुढच्या स्प्रिंगांवर वजन मात्र रोज, अंधेरीच्या ट्रॅफिकमध्येसुद्धा.

पण 4300 हा आकडा ड्रमवर दोरीचा फक्त पहिला थर असतानाचा. प्रत्येक वरच्या थराला ओढ दहा-बारा टक्क्यांनी घटते. झाड आठ मीटरवर असेल तर बाकीची सगळी दोरी ड्रमवरच राहते, आणि त्या वरच्या थरावर हातात उरते जेमतेम पावणेतीन टनांची ओढ. कपाळावर आठ्या आणणारा भाग हाच: झाड जवळ असलं की विंच दुबळी होते. त्यावर उपाय कप्पीचा. दोरी झाडाच्या कप्पीतून फिरवून परत गाडीच्या हुकला आणली की ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा, आणि जास्त दोरी सुटल्यामुळे ड्रमवरचे थरही कमी. कप्पीशिवाय विंच घेणं म्हणजे अर्धीच घेणं.

समोरून विरोध किती असतो? अंदाज असा धरतात: चिखल चाकाच्या मध्यापर्यंत असेल तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट. म्हणजे तुमच्या गाडीला सव्वादोन टन किंवा साडेचार टन. चढ असेल तर त्यात भर: 15 अंशांना वजनाचा पाव हिस्सा, 30 अंशांना निम्मा. साडेचार टन 9500 च्या आवाक्याबाहेर आहेत. पण चाकांपुढची आणि डिफरन्शियलखालची माती वीस मिनिटं फावड्यानं काढली, तर तेच साडेचार टन दोन-अडीचवर येतात. दुप्पट ताकदीच्या यंत्राचं काम फावडं करतं. तरीही बऱ्याच गाड्यांत विंच दिसते आणि फावडं दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

विजेचं गणितही समजून घ्या. पूर्ण ओढीला अशी विंच 400 अँपिअरच्या घरात प्रवाह खेचते. पाच मिनिटं सलग चालवली तर 33 अँपिअर-तास गेले, म्हणजे 65 ची बॅटरी निम्मी रिकामी. अल्टरनेटर एवढं भरून काढू शकत नाही, त्यातून इंजिन आयडलिंगला असेल तर त्याची देणगी आणखी कमी. म्हणून इंजिन 1500 आरपीएमला ठेवायचं, एक मिनिट ओढायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. मोटरवर तळहात ठेवा. टेकवत नसेल तर ती निवेपर्यंत काम बंद. भरल्या ओढीला दोरी मिनिटाला मीटर-दीड मीटरच गुंडाळली जाते. घाई करणाऱ्याचा सोलेनॉइड (मोटरचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) आधी जातो. त्याचे कॉन्टॅक्ट चिकटले तर बटण सोडल्यावरही विंच ओढतच राहते. यासाठी बॅटरीजवळ किल्लीवाला कट-ऑफ स्विच लावायचाच, आणि एरवी तो बंद ठेवायचा. बहुतेक विंचच्या मुख्य केबलला फ्यूज नसतो. ती केबल पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली तर थेट आग. केबल 35 चौरस मिमीपेक्षा बारीक तांब्याची नको. मुंबईत लोहार चाळीत मिळते. वरून रबरी नळी चढवून दर हातभर अंतरावर बांधा.

दोरी स्टीलची की सिंथेटिक? मुंबईच्या हवेत मी सिंथेटिक घेईन. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस स्टीलच्या रोपला आतून खातो. वरून ठीक दिसते, आणि सुटलेली एक तार हातमोजा फाडून तळव्यात घुसते. सिंथेटिक हलकी, आणि तुटली तर तिचा फटका स्टीलपेक्षा बराच कमी. पण तिचेही शत्रू आहेत: ऊन, धारदार कातळ, आणि विणीत शिरलेली वाळू. वाळू आतून धागे कापते, म्हणून चिखलातून आल्यावर दोरी पूर्ण सोडून गोड्या पाण्यात भिजवायची, पिळवटून धुवायची, सावलीत वाळवायची. दुसरं, बऱ्याच विंचचा ब्रेक ड्रमच्या आत असतो आणि ओझं घेऊन दोरी सोडताना तो तापतो. उतारावर गाडी विंचनं खाली सोडली तर आतला थर वितळू शकतो. सिंथेटिकबरोबर पुढचे रोलर काढून अॅल्युमिनियमचा गुळगुळीत फेअरलीड (दोरी ज्यातून बाहेर येते ती चौकट) लावायचा. स्टीलची रोप फिरलेले जुने रोलर ठेवलेत, तर त्यांच्यावरचे ओरखडे नवी दोरी किसून काढतात. ड्रमवर कायम स्टीलचे किमान पाच वेढे शिल्लक ठेवा, सिंथेटिकचे आठ-दहा. दोरीचं टोक ड्रमला धरणारा स्क्रू ओढ पेलण्यासाठी नसतोच. ओढ पेलतात ते वेढे.

कायद्याचं थोडक्यात. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं, आधार मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52. विंचसाठी पुढे मोठा लोखंडी बंपर ठोकलात तर पकडले जाल, आणि एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोबही बिघडतो. मूळ बंपरच्या आत चॅसीला बोल्ट होणारं मापाचं माउंट घ्या, वेल्डिंग करू देऊ नका, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

मग तुमच्यासारख्यानं आज काय घ्यावं? आधी हवा. टायर 32 पीएसआयवरून चिखलात 18 ला, पुळणीवर 15 ला आणा. अर्ध्याअधिक वेळा गाडी तेवढ्यावरच निघते. कमी हवेत स्टिअरिंग झटक्यात फिरवू नका, टायर रिममधून सुटतो. परत भरायला बॅटरीला चिमटे लावायचा पंप. लांब दांड्याचं फावडं आणि एक घमेलं. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, म्हणजे ट्रॅक्शन बोर्ड. 22 मिमीचा कायनेटिक (ताणला जाणारा) दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या जोडकड्या), आणि गाडीला मागे-पुढे चॅसीवर बसवलेले खरे रिकव्हरी पॉइंट. गाडीसोबत मिळणारा स्क्रूचा टो-हूक फक्त सपाट रस्त्यावर ओढण्यापुरता असतो. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) दोर कधीही लावू नका. तो बॉल तुटला की बंदुकीच्या गोळीसारखा येतो आणि यात माणसं मेलेली आहेत.

आणि एक टिरफॉर. लाइनमन आणि रिगर वापरतात ते हातानं ओढायचं यंत्र. नागदेवी स्ट्रीटला या नावानंच विचारा. 1.6 टनाचं घ्या, यंत्र साधारण 20 किलोच्या आसपास, रोप वेगळी. त्याला वीज लागत नाही, बोनेटखाली पाणी शिरलं तरी चालतं, आणि मुख्य म्हणजे ते गाडीच्या मागे लावता येतं, बाजूला लावता येतं, मित्राच्या गाडीला देता येतं. कप्पी घातली की तीन टनांच्या आसपास ओढतं. दांड्याच्या एका फेरीत दोरी चार-सहा सेंटिमीटरच सरकते, म्हणजे पाच मीटरला शंभरएक फेऱ्या. घाम निघतो, पण गाडी इंचाइंचानं, ताब्यात राहून येते. ओझं जास्त झालं तर दांड्याकडची शिअर पिन तुटते. ती तुटावी म्हणूनच असते, तिच्या जागी खिळा ठोकू नका, सुट्या पिना घेऊन ठेवा. रोप त्या यंत्राच्या मापाचीच हवी आणि तिला मुरड पडता कामा नये. आणि एक: दारूखान्यात जुनी शॅकल आणि कप्प्या वजनावर मिळतात, त्या घेऊ नका. एखाद्या शॅकलनं आधी किती ओझं सोसलंय हे बघून कळत नाही. शॅकलवर 4.75 टन असा उठावाचा आकडा असेल तेच नवं घ्या.

विंच असो वा टिरफॉर, बांधायची रीत एकच. झाड मांडीहून जाड, मुळं घट्ट. 75 मिमी रुंदीचा, तीन मीटरचा पट्टा खोडाच्या बुडाशी गुंडाळा. दोरी थेट झाडाला गुंडाळून स्वतःवरच हुक केली तर सालही जाते आणि दोरीही. पट्ट्याचे दोन्ही डोळे शॅकलमध्ये, पिन हातानं घट्ट फिरवून पाव फेरी मागे, नाहीतर ओढीनंतर ती सुटत नाही. हुकचं तोंड वर, म्हणजे निसटलं तर खाली जातं. दोरी ताणली जाईपर्यंतच ओढा, थांबा, प्रत्येक जोड बघा, मग दोरीच्या मध्यावर ओलं गोणपाट टाका. विजेचा खांब, घाटाचा कठडा, मैलाचा दगड यांना बांधू नका. खुणा एकानंच करायच्या. बाकीच्यांनी दोरीच्या लांबीपेक्षा दूर जायचं, आणि दोरीच्या रेषेत कुणीच नको.

पुळणीवर बऱ्याच ठिकाणी गाडी न्यायला बंदीच आहे, आणि नसली तरी भरतीचं भान ठेवा. ओहोटीपासून भरतीला सहा तास लागतात, पण पाणी सारख्या वेगानं चढत नाही. मधल्या दोन तासांत ते एकूण चढाच्या निम्मं चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चार मीटर चढ असेल तर त्या दोन तासांत दोन मीटर. झाड नसेल तर स्टेपनी मीटरभर खोल पुरून तिला पट्टा बांधता येतो, पण दोघांना त्यात पाऊण तास जातो. तेवढा वेळ आहे का, हे आधी घड्याळात बघा.

एकट्यानं फिरायचं ठरून विंच घेतलीतच, तर पहिल्याच दिवशी दोरी पूर्ण सोडून, सपाट मैदानात हँडब्रेक थोडा ओढून, गाडीच्याच वजनावर ती परत घट्ट गुंडाळा. कारखान्यातून दोरी सैल गुंडाळून येते. तशीच वापरली तर ओढीखाली वरचा थर खालच्यात रुततो आणि चिखलात उभं राहून पक्कडीनं तो उपसावा लागतो. पुढे महिन्यातून एकदा दहा मीटर सोडून परत ओढा, ड्रम मोकळा करणाऱ्या क्लचचा दांडा फिरवून बघा, कंट्रोल बॉक्सच्या जोडांना ग्रीस द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा महिने न हललेल्या विंचचा क्लच खाऱ्या हवेनं जाम होतो, आणि ते कळतं नेमकं राजमाचीखालच्या उधेवाडीच्या वाटेवर, पाऊस कोसळत असताना.