तिरळेपणाचं ऑपरेशन झालं, आता डोळा उलटा बाहेर जातोय!

प्रश्न: माझी मुलगी 23 वर्षांची आहे. लहानपणी, सातव्या वर्षी, डाव्या डोळ्याचं तिरळेपणाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळा नाकाकडं असायचा. आता दोन वर्षं झाली तोच डोळा बाहेर जातोय, आणि उजवीकडं बघितलं की तिला दोन-दोन दिसतंय. शिरोलीला कामावर गाडीनं जाते, जीव टांगणीला लागतो. परत ऑपरेशन करायचं का?
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ताई, ऑपरेशनचं नंतर बघू, आधी नीट तपासणी. घरी एवढं करा, एक डोळा झाकून दोन दिसायचं थांबतंय का बघा. थांबत असेल तर दोन डोळ्यांचा मेळ बसत नाहीये, आणि एका डोळ्यानंही दोनच दिसत असतील तर भानगड चष्म्याच्या नंबरात नाहीतर डोळ्यातल्या भिंगात, स्नायूत नाही.

उजवीकडं बघताना त्रास, हे तुम्ही लिहिलंत ते लाखमोलाचं. तेव्हा डावा डोळा नाकाकडं यायला पाहिजे, आणि तो येत नसावा. आता गाडी हलत नाही म्हणजे बैल ओढत नाही का चाकाखाली दगड आलाय, हे बघायला नको का? नाकाकडचा स्नायू ऑपरेशनमध्ये मागं सरकवून शिवतात, तो कधीकधी बऱ्याच वर्षांनीसुद्धा ताणतो नाहीतर घसरतो, किंवा बाहेरचा स्नायू घट्ट होऊन डोळा अडवून धरतो. हे कळायला डॉक्टर बधिर करायचे थेंब टाकून चिमट्यानं डोळा हळूच नाकाकडं ढकलून बघतात. सहज सरकला तर अडथळा नाही, मग डोळा धरून ठेवून "आता उजवीकडं बघ" म्हणतात आणि चिमट्याला ओढ किती लागते, म्हणजे बैल ओढतोय का, ते बघतात. ऐकायला भयंकर वाटतंय पण दुखत फारसं नाही. प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काच, लावून लांबचं-जवळचं, नऊ दिशांना किती तिरळेपणा आहे ते मोजतात, लागलं तर एमआरआय.

जुने ऑपरेशनचे कागद, लहानपणीचे फोटो आणि आत्ताचा चष्मा घेऊनच जा. प्लसचा नंबर जास्त असला तरी डोळा बाहेर जातो, कधी नुसता नंबर कमी करून किंवा चष्म्यात प्रिझम घालून भागतं. संध्याकाळी त्रास वाढतो का, तेही सांगा, थकणाऱ्या स्नायूंचा आजार वेगळा असतो. पापणी एकदम पडली, किंवा बाहुली मोठी दिसली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि तोवर गाडीची चावी काढून घ्या, रुसली तर रुसू दे, केएमटीच्या बसनं जाईल.