मंडईचा फोटो ‘ऑइल पेंट’ केला की प्लास्टिकसारखा का दिसतो?

तुमचा प्रश्न असा: मंडईतल्या भाजीवाल्या मावशींचा मोबाइलवर काढलेला फोटो फोटोशॉपच्या ऑइल पेंट फिल्टरमधून काढला, तर सगळंच प्लास्टिक वितळल्यासारखं दिसतंय. आणि आईच्या साठीला तो १२×१८ इंचांत छापून द्यायचा आहे, तर ब्रश कोणते घ्यावेत?

दोन्हींचं मूळ एकच आहे. मावशींचा चेहरा आणि कोथिंबिरीची जुडी यांतला फरक फिल्टरला कळत नाही. दोन्हींवर तो सारख्याच जाडीचे फटकारे मारत सुटतो. चित्रकार मात्र काय गाळायचं हे आधी ठरवतो. ते ठरवणं तुमच्याकडेच राहणार. ब्रशचा कितीही महागडा सेट घेतलात तरी ते काम तो करून देणार नाही.

आधी झटपट सुधारणा सांगतो. त्या फिल्टरमधलं लायटिंग बंद करा किंवा शाइन शून्यावर आणा. रंगाचा थर उंचवट्यासारखा दिसावा म्हणून फिल्टर खोटी चकाकी टाकतो, आणि प्लास्टिकचा भास मुख्यतः तिथूनच येतो. दुसरं म्हणजे मूळ फाइल घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको. जेपेगमध्ये चित्र ८×८ पिक्सेलच्या चौकोनांत दाबलं जातं. फार दाबलेल्या फोटोत ते चौकोन एरवी नजरेत भरत नाहीत, पण फिल्टर त्यांच्याही कडा पकडतो. मोबाइल स्वतःहून जे शार्पनिंग करतो त्याचंही तेच. तुमच्या फोटोत मंडईच्या दगडी मनोऱ्याभोवती जी पांढरी किनार उमटली आहे, ती तिथूनच आली आहे. ती आधी क्लोन ब्रशने, म्हणजे शेजारचा भाग उचलून वर रंगवणाऱ्या ब्रशने, पुसून घ्या.

फिल्टर पूर्ण टाकून द्या असं मी म्हणत नाही. पाया म्हणून तो उत्तम आहे, पण ऑइल पेंटपेक्षा कुवाहारा नावाचा फिल्टर वापरून बघा. जिंप आणि क्रिटा या दोन्ही मोफत सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या जी’मिक या फिल्टरसंचात तो मिळतो. १९७६मध्ये कुवाहारा आणि सहकाऱ्यांनी तो मांडला तो हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला गोंगाट कमी करायला. चित्रकलेशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या चौकोनाचे तो चार भाग पाडतो, ज्या भागात रंगांचा चढउतार सर्वांत कमी त्याची सरासरी घेतो आणि तोच रंग तिथे भरतो. त्यामुळे बारीकसारीक पोत विरघळतो, पण कडा शाबूत राहतात. साध्या ब्लरने कडाही जातात, म्हणून तो नको. फक्त त्रिज्या, म्हणजे हा चौकोन किती मोठा घ्यायचा तो आकडा, पिक्सेलमध्ये मोजली जाते हे ध्यानात ठेवा: लहान फाइलवर छान दिसलेला आकडा मोठ्या फाइलवर जवळपास दिसणारही नाही. म्हणून छपाईचा आकार पहिल्यांदा ठरवा आणि फिल्टर त्यानंतर लावा.

आता खरं काम. या पायावर रिकामा लेयर घ्या आणि मोठ्या ब्रशने सुरुवात करा. १९९८मध्ये आरन हर्ट्झमन यांनी संगणकाकडून चित्र रंगवून घेण्याची जी पद्धत मांडली, तिचा क्रमही हाच आहे: आधी जाड ब्रशने सगळा कॅनव्हास, मग मूळ फोटोपासून चित्र जिथे फार दूर गेलंय तेवढ्याच जागी बारीक ब्रश. हाताने रंगवणारे हेच करत आले आहेत. फोटोशॉपमध्ये मिक्सर ब्रश घ्या, ‘सँपल ऑल लेयर्स’ चालू ठेवा, प्रत्येक फटकाऱ्यानंतर ब्रश साफ होऊ द्या आणि लोड, म्हणजे ब्रशला आपोआप नवा रंग लावणं, बंद ठेवा. म्हणजे ब्रश खालच्या चित्रातलाच रंग उचलून ओढेल. क्रिटात कलर स्मज ब्रशला ओव्हरले चालू केलं की जवळपास हेच होतं.

कोथिंबिरीच्या जुडीचंच बघा. पान न् पान काढायला गेलात की चित्र गेलं. डोळे किलकिले करून पाहा. मुळांकडचा काळपट हिरवा, मधला भरगच्च हिरवा आणि वर बल्बच्या उजेडात आलेले पिवळसर शेंडे, असे तीनच डाग उरतात. काळपट आणि मधला डाग एकमेकांत मिसळू द्या, त्यांच्यामध्ये कड नकोच. शेंड्यांवर पाच-सहा सुटे फटकारे पुरतात, आणि ते देठांच्या दिशेने वर जाणारे हवेत. वांग्यांवर मात्र फटकारा गोलाईने फिरला पाहिजे. आकार फटकाऱ्याच्या दिशेतूनच कळतो, आणि फिल्टर दिशा ठरवतो ती फोटोतल्या कडांवरून, वस्तूची गोलाई त्याला कळत नाही.

चेहऱ्यापुरता फिल्टरचा परिणाम मास्कने (लेयरचा हवा तो भाग झाकणाऱ्या सोयीने) काढून टाका आणि तो भाग लहान ब्रशने स्वतः रंगवा. कपाळावरचं कुंकू आणि उजेडाच्या बाजूची गालाची कड या दोनच ठिकाणी रेष धारदार ठेवा. पदराची सावलीतली बाजू मागच्या अंधारात खुशाल हरवू द्या. पाहणाऱ्याची नजर धारदार कडेकडे जाते. ती धार सगळीकडे वाटलीत तर मावशींकडे कोणी बघणारच नाही. मागची गिऱ्हाईकं चार-चार फटकाऱ्यांत उरकली तरी चालतील. मिलिंद मुळीक यांची जलरंगातली शहरदृश्यं निवांत बघा, गर्दी किती थोडक्यात मांडता येते ते कळेल. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात चित्रप्रदर्शन असेल तेव्हाही चक्कर टाका आणि कॅनव्हासच्या अगदी जवळ उभे राहून रंग कुठे जाड आणि कुठे पातळ आहे तेवढंच पाहा. स्क्रीनवर हे शिकता येत नाही.

पेन टॅबलेट लागतोच असं नाही, पण दाबाप्रमाणे फटकारा बदलतो तेव्हा हातात जीव येतो, म्हणून साधा लहानसा घेतलात तरी पैसे वाया जाणार नाहीत. माउसवर काम करायचं असेल तर ब्रशचा आकार सतत बदलत राहा.

छपाईचं गणित असं. मोबाइलचा ४०००×३००० पिक्सेलचा फोटो ४:३ प्रमाणात असतो आणि १२×१८ हे प्रमाण २:३, म्हणजे कापाकापी होणारच. ४०००×२६६७ उरले की १८ इंचांवर इंचाला साधारण २२२ पिक्सेल पडतात. रंगवलेल्या चित्राला एवढे भरपूर झाले. ही कापाकापी रंगवण्याआधी करा, नाहीतर रंगवलेली टोपली अर्धी कापली जाईल. कागद मॅट घ्या. ग्लॉसीवर फटकारे चकाकीत बुडतात. स्क्रीनवर दिसतो तसा भडक हिरवा छापून येत नाही आणि सावल्या जास्त गडद येतात, म्हणून सावल्या थोड्या उजळ करून ठेवा. आधी मावशींचा चेहरा आणि कोथिंबीर एवढाच तुकडा खऱ्या आकारात ४×६ वर छापून बघा. पूर्ण चित्र लहान करून छापलंत तर फटकाऱ्यांचा अंदाज येणार नाही.

आणि एक प्रत जास्तीची काढून मावशींनाही नेऊन द्या.